जुन्या पेठेच्या चावडीत आमचे दोन एडके

लोक प्रवासाला मोठमोठ्या ठिकाणी जातात आणि परत आल्यावर फोटो दाखवून दाखवून पाहुण्यांचा जीव नकोसा करतात. मी गेले ती न्हावऱ्याहून नदीपलीकडे, दौंड तालुक्यात. सकाळी गेले, दिवेलागणीला घरी. फोटोही धड आले नाहीत, कारण ऐन मोक्याच्या वेळी माझे दोन्ही हात तोंडावर होते. तरी लिहिते आहे, कारण माझ्या पार्लरमध्ये येणारी प्रत्येक बाई "तिथं नक्की झालं काय?" असं विचारते, आणि भुवया कोरता कोरता एवढी लांब गोष्ट सांगितली तर समोरचीची एक तरी भुवई जागेवर राहायची नाही.

ठिकाणाचं नाव 'जुनी पेठ'. कुणा हौशी माणसानं शहरात पाडापाडीत निघालेले सागवानी खांब, तुळया, चौकटी, दगडी जोती असं सगळं ट्रकांतून आणलं आणि राहूच्या अलीकडे एका माळावर अख्खी पेठच्या पेठ पुन्हा उभी केली. वेस, चावडी, तालीम, तांबट आळी, सराफाचं दुकान, पाण्याचा हौद. पूर्वी शहरात जशी होती तशीच, म्हणे. पूर्वी ती कुणी पाहिली आहे, तेव्हा वाद घालायची सोय नाही.

माझा बेत मात्र इतिहास बघण्याचा नव्हता.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर राहू. तिथले आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आणि आप्पा म्हणजे माझे सासरे. दोन्ही घरांत पूर्वी मेंढरं होती. आता ऊस आहे, कांदा आहे, गाई आहेत, पण हौस म्हणून दोघांनीही एकेक एडका, म्हणजे मेंढ्यांमधला शिंगवाला नर, पाळला होता. एका जत्रेत हे दोन एडके आपसूकच एकमेकांना भिडले. पहिल्या धडकेनंतर आप्पांचा एडका चार पावलं मागं गेला आणि तेवढ्यात कुणीतरी मध्ये पडून दोघांना सोडवलं. बस्स, एवढंच. आबा म्हणाले, "पळाला." आप्पा म्हणाले, "पळाला न्हाई, मागं सरला."

आता धाव घेऊन धडक मारायची तर एडक्याला मागं सरावंच लागतं, हे मेंढरांतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वाद फक्त इतकाच, की ती चार पावलं भीतीची होती की तयारीची. दोन्ही एडके आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांना विचारता येत नाही. पण या एका शब्दापायी दोन घरांचं येणं-जाणं तुटलं. आप्पा म्हणतात, शब्द माघारी घेतल्याशिवाय राहूचा रस्ता नाही. आबा म्हणतात, खरं बोललेला शब्द माघारी कसा घ्यायचा?

यात मेली आत्यांची भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नाही ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. आमच्या आत्या भाऊ असून चंद्राला ओवाळत होत्या. नदीच्या पलीकडे भाऊ धडधाकट बसून भाकरी खातोय आणि ही बाई अंगणात ताट घेऊन ढग सरकण्याची वाट बघतेय, हे मला बघवत नव्हतं. रागही यायचा आणि रडूही यायचं. दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी ठरवलं, यंदा चंद्राला सुट्टी. आबांची सून शोभा आणि मी, आमचे फोनवर फोन झाले. सासऱ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणी कसं पोचवायचं याची एवढी तयारी आम्ही स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

नदीच्या पुलावर

गाडी आमचे हे चालवत होते. त्यांना मी बेत सांगितला नव्हता, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. आप्पा पुढच्या सीटवर, धुवट धोतर, कडक टोपी. दोन्ही बाजूंना ऊस. दुसऱ्याच्या उसाला नावं ठेवत ठेवत आप्पा नदीपर्यंत खुशीत होते. पुलावर आल्यावर मात्र एकदम सावध झाले.

"सुरेखा, ही गाडी राहूला तर न्हाई चालली?"

"नाही आप्पा. पेठेत चाललोय."

"पेठंत जायचं तर पुन्याला जावं लागतं."

"पेठच आता इकडं आली आहे."

"कशी आली?"

"ट्रकातून."

आप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बायकांना पार्लर काढू दिलं की डोकं फिरतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मागं आत्या खिडकीतून राहूच्या दिशेची झाडं बघत होत्या. त्यांनाही मी काही सांगितलं नव्हतं.

वेशीत

पेठेची वेस खरोखर बघण्यासारखी आहे. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वर जागा उरेल एवढी उंच, आणि दारांवर वितीवितीचे लोखंडी खिळे. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते खिळे, असं तिकीट फाडणारा सांगत होता.

"हत्ती हाय का इथं?" आप्पांनी विचारलं.

"नाही हो, आजोबा."

"मंग कुनाच्या भ्यावानं ठिवल्यात?"

तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला लागला. तेवढ्यात वेशीच्या सावलीतून शोभा आली, आणि तिच्या मागून आबा. आत्यांच्या तोंडून "दादा" एवढंच निघालं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना पाहिलं. मग आप्पा डाव्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आबा उजव्या. मला वाटलं, आता दोघंही गाडीत जाऊन बसतील. पण कुणीच हलेना. मग लक्षात आलं, जो आधी वेशीतून माघारी जाईल तो 'पळाला' ठरणार. देवानं दिलेली ती सवलत मी आणि शोभानं तत्काळ घेतली आणि तिघांनाही आत हाकललं. कोण कुणाबरोबर आलंय हे तेव्हा कुठं आमच्या ह्यांच्या ध्यानात आलं. "मी गाडी सावलीत लावतो," असं म्हणून ते जे गेले ते जेवायच्या वेळीच उगवले.

आळीतून

पेठेतला मुख्य रस्ता फरसबंदी आहे, आणि मधून दगडी पन्हळीसारखं गटार जातं. आप्पा डावीकडची घरं बघत चालले, आबा उजवीकडची. आत्या बिचाऱ्या बरोबर गटारावरून. दोघांना एकमेकांशी बोलायचं नव्हतं, पण शेरे मारल्याशिवाय राहवतही नव्हतं. त्यामुळे सगळं आत्यांना सांगितलं जात होतं.

"ह्या तुळईला घुन लागलाय म्हनावं."

"डोळ्याला लागलाय घुन, म्हनावं. त्या गाठी हायत सागाच्या."

घरं सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू? खांबांवर कोरलेली केळफुलं, वर नक्षीचे सज्जे, सराफाच्या दुकानात बसकी बैठक आणि पितळी तराजू. नीट पाहिलं तर काही तुळयांवर पांढऱ्या रंगातले आकडे दिसतात. घर उतरवताना कुठला तुकडा कुठं होता हे विसरू नये म्हणून घातलेले. पुसायचे राहिले असावेत. मला तेच सगळ्यात आवडले. नाहीतर घर पाडताना ते पुन्हा उभं राहील असा विचार कोण करतं? आमच्या न्हावऱ्यात ज्यानं त्यानं मातीची माळवदं पाडून स्लॅब टाकले आणि पुढं स्टीलचे चकचकीत कठडे लावले. आमचंही त्यातच. माळवदाचं लाकूड आम्ही बंब पेटवायला वापरलं. आणि आता दुसऱ्याचं माळवद बघायला तिकीट काढून आलो.

तांबट आळीत शिरलो तर ठोक ठोक आवाज. आप्पा खूश झाले. कोण भांडी घडवतंय ते बघायला चपला काढून ओसरीवर चढले, आत डोकावले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. शेवटी म्हणाले, "आतमधी कोन न्हाई. पेटी वाजतीया." आवाज स्पीकरमधून येत होता. पलीकडे आबांना हे ऐकू गेलं आणि ते खुदकन हसले. पुढच्या घरात आबांनी तेलघाण्याच्या बैलाच्या पाठीवरून प्रेमानं हात फिरवला. बैल फायबरचा निघाला. मग आप्पा हसले. माझ्या दृष्टीनं ही प्रगती होती.

आत्यांचं लक्ष जमिनीकडे होतं. "सारवल्यावानी दिसतंय, पन वास न्हाई," असं म्हणून त्यांनी खाली बसून नखानं खरवडून पाहिलं. "सिमीट हाय गं! शेनाचा रंग दिलाय."

"रोज सारवायला माणसं कुठून आणायची, आत्या?"

"ते बी खरंच. मी तरी कुठं सारवतीया?"

तालमीचं दार

तालमीचं दार मुद्दाम बुटकं आहे. कितीही मोठा पैलवान असो, लाल मातीला वाकूनच आत यावा, म्हणून. तशी पाटीही लावली आहे. पाटी बाहेरच्या बाजूला होती, आणि आबा आत होते. तांबडी माती बघून झाल्यावर ते वाकून बाहेर निघाले. नेमके त्याच वेळी आप्पा पाटी वाचून, वाकून, आत शिरले.

थाड!

दोन टोप्या उडाल्या. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. आप्पा होते तिथंच कपाळ धरून उभे राहिले, आणि आबा डोकं चोळत दोन पावलं आत गेले. आत्या किंचाळल्या. मी फोटो काढायला मोबाइल वर केला होता, तो तसाच राहिला, कारण आप्पा कित्येक दिवाळ्यांनंतर आबांशी पहिलं वाक्य बोलले होते.

"पळाला व्हय, आबा?"

"पळतोय कोन?" आबा उसळून म्हणाले. "मागं सरलो जरा!"

काय बोलून बसलो हे आबांना आमच्या चेहऱ्यांवरून कळलं. माझे दोन्ही हात तोंडावर गेले ते याच वेळी. शोभा तर दगडी खांबाला मिठी मारून हसत होती.

"ऐकलं का समद्यांनी?" आप्पांना कपाळाचं भानच राहिलं नाही. "मागं सरलो म्हनत्यात!"

"मानसाचं येगळं, जनावराचं येगळं!"

"डोकं तर येकच लागलं की दोघांचं!"

"दाजी, तोंड सांभाळून!"

मला वाटलं, संपलं. आता हे पेठेतच एकमेकांच्या उरावर बसणार आणि पुन्हा कधीही समोरासमोर येणार नाहीत. हसू कुठल्या कुठे पळालं. आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, आणि त्यांना न सांगता इथं आणल्याबद्दल मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

इतक्यात समोरच्या चावडीतून माइकवर आवाज आला, "ज्याची फिर्याद असंल त्यानं पाटलापुढं यावं!"

पाटलापुढं

चावडीत दुपारी 'पाटलाचा न्यायनिवाडा' असा प्रयोग असतो. एक भरघोस मिशांचा पाटील गादीवर लोडाला टेकून बसतो, आणि ठरलेली माणसं येऊन विहिरीच्या दोराची चोरी झाल्याची तक्रार करतात. हे पाटील एरवी केडगावात गॅरेज चालवतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. फरसबंदीवर सतरंज्या टाकून शहरातली बरीच मंडळी मोबाइल रोखून बसली होती. आप्पांनी आबांची बाही धरली. "चला चावडीवर!" म्हणाले. आबाही हटायला तयार नव्हते. "चला की! भेतोय काय?"

दोघं थेट पाटलापुढं. दोरचोरीवाला नट बाजूला उभा होता तो उभाच राहिला.

"पाटील," आप्पांनी हात जोडले, "माझा एडका पळाला न्हाई. मागं सरला."

पाटील गोंधळले. हे त्यांच्या पाठांतरात नव्हतं. त्यांनी आबांकडे वाकून हळूच विचारलं, पण माइक चालू असल्यानं सगळ्यांना ऐकू आलं, "तुमी आमच्यातलेच का?"

"मी राहूचा," आबा म्हणाले.

पाटील मोठा हुशार माणूस. मिशीवरून हात फिरवला आणि दोघांची सगळी फिर्याद ऐकून घेतली. जत्रा, धडक, चार पावलं, भाऊबीज, आणि आताची तालमीच्या दारातली टक्कर, सगळं. लोक हसून लोळत होते. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "किती नॅचरल काम करतात ना!" मी मान डोलावली. काय सांगणार?

शेवटी पाटलांनी आत्यांना पुढं बोलावलं. "बाई, तुमचं म्हननं काय?"

आत्या कधी चार माणसांत बोललेल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "एडकं मेलं वो दोन्ही. मी जिती हाय. मला भावाला ओवाळायचंय."

हसणं थांबलं. मागं कुणाचं तरी लहान मूल कुरकुरत होतं, त्याला आईनं उचलून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

पाटलांनी निवाडा दिला. "जो लढायला उभा ऱ्हातो त्यो मागं सरतो. दोन्ही एडके मर्दाचे हुते. कुनी पळालं न्हाई. आता दोघांनी बी भंडारा उचला आन् म्हना, मनात काय न्हाई."

पितळी वाटीतला पिवळाधमक भंडारा पुढं आला. शहरातल्या मंडळींना तो नाटकातला भाग वाटला असेल. आमच्याकडे तसं नाही. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती हातात घेऊन बोललेलं खोटं घर बसवतं, अशी आमच्यात पक्की समजूत. खरं-खोटं करायची वेळ आली की भलेभले त्या वाटीपासून हात लांब ठेवतात. आप्पा वाटीकडे बघत राहिले. आबाही बघत राहिले. मग आप्पांनी चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "मनात काय न्हाई." आबांनी पण उचलली. "माझ्या बी मनात काय न्हाई, दाजी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका गृहस्थांनी आप्पांना विचारलं, "रोज असतो का हो प्रयोग?" आप्पा म्हणाले, "न्हाई. येकदाच."

पारंपरिक थाळी

मी पाटलांचे आभार मानायला चावडीच्या मागं गेले तर ते मिशी काढून घाम पुसत होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"ताई, ही मंडळी खरीच भांडत हुती का?"

"खरीच."

"आयला! एक सांगू का? रागवू नका. हळद संपली हुती. वाटीत भज्यांच्या गाड्यावरचं बेसन हुतं, जरा रंग घालून."

खंडोबाची शपथ बेसनावर! हे आप्पांना कळलं तर निवाडा गेला, भाऊबीज गेली, आणि वर मला घराबाहेर काढतील ते वेगळंच. मी धावत बाहेर आले तर आप्पा हौदाच्या नळाखाली हात धरायला निघालेले. पाणी लागलं की बेसनाचा चिकटा होणार!

"आप्पा!" मी ओरडले. "भंडारा धुवायचा नसतो!"

आप्पा दचकून थांबले. "बरं बरं," म्हणाले, आणि हात धोतराला पुसले. आबांनीही पुसले. मग सगळे जेवायला बसलो. 'पारंपरिक थाळी' म्हणून मातीच्या वाडग्यात हुलग्याच्या पिठाची शेंगोळी आली. आत्या म्हणाल्या, "ही तर घरात कालवनाला काय नसलं की आमी करतो." पण त्यांनी दोनदा मागून घेतली. आप्पा आणि आबा शेजारी शेजारी बसले होते, कपाळावर पिवळे पट्टे आणि त्याखाली एकसारखी टेंगळं. त्या पट्ट्यांकडे एक माशी सारखी घोंगावत येत होती, आणि ती हाकलण्यात माझं जेवण गेलं.

राहू

भाऊबीजेला आम्ही राहूला गेलो. शेजारपाजारच्या बायका दारात जमल्या होत्या. आत्यांनी भावाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. ताट खाली ठेवायचं त्यांना सुचेना, आणि आबा डोळे मिचकावत छताकडे बघत होते. मला एवढं बरं वाटलं की बेसनाचं पापही मी मनातल्या मनात स्वतःच्या अंगावर घेऊन टाकलं.

चहा झाल्यावर आबांनी मला गोठा दाखवायला म्हणून बाहेर नेलं.

"पोरी, एक सांगतो. कुनाला बोलायचं न्हाई. त्यो भंडारा नव्हता. बेसन हुतं."

मी गाईपुढं वैरण सारली.

"उचलल्या उचलल्या कळलं मला. पन दाजी भोळा हाय. त्याला खराच वाटला. म्हनलं, एवढ्या भक्तीनं उचलतोय, तर आपन कशाला मोडा घाला? त्याला कळू दिऊ नगं."

मी शब्द दिला. परत आले तर आप्पा अंगणातल्या बाजेवर एकटेच बसले होते. मला खूण करून जवळ बोलावलं.

"सुरेखा, तवा मला हात का धुऊ दिला न्हाई, ते ठावं हाय मला."

मी मागं वळून आबा येतात का ते पाहिलं.

"खरा भंडारा असता तर मी हात लावला नसता. मनात हुतंच की माझ्या, खोटं कसं बोलू? पिठावर बोलायला काय जातंय, म्हनलं. आन् बोललो, तर काय झालं ठावं न्हाई, ते खरंच गेलं की गं मनातनं." आप्पांनी गोठ्याकडे पाहिलं. "आबाला कळू दिऊ नगं. भोळा हाय त्यो."

निघायची वेळ झाली. आत्या चार दिवस माहेरी राहणार होत्या. गाडीपर्यंत आल्या, फराळाचा डबा माझ्या हातात दिला आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "दोघांनी बी तुला गाठलं न्हवं?"

"आत्या, तुम्हाला..."

"आगं, मला बेसन कळंना व्हय? दोघांस्नी बी ठावं हाय. पन दुसऱ्याला बी ठावं हाय, हे त्यांस्नी कळू दिऊ नगंस. न्हाईतर आदी कुनी वळखलं, म्हून पुन्हा भांडान सुरू."

मी डबा मांडीवर घेऊन बसले. गाडी सुरू झाली. आप्पांनी पुढून विचारलं, "काय म्हनली ती?"

"चार दिवस राहते म्हणाल्या."

"आठ राहू दे की," आप्पा म्हणाले, आणि खिडकीची काच खाली करून आबांना हात केला.